स्पून तळ्याच्या फाटकाची किल्ली

त्या माणसाने किल्ली पुढे केली, व्हर्लिन स्कार "नको, कशाला उगाच" म्हणाला आणि त्या माणसाने किल्ली परत खिशात टाकली. एवढेच झाले. पण कॉफी ओतायला उभ्या असलेल्या आर्डिसच्या हातून भांडे सुटायचे तेवढे राहिले.

माणूस म्हणजे व्हिन्स कार्डेला. स्पून तळ्याभोवतीचे पाणथळ रान सांभाळायला राज्याच्या वन्यजीव खात्याने मागच्या शरदात पाठवलेला नवा अधिकारी. तिशी-पस्तिशीचा, न्यू जर्सीचा, बोलायला मोकळा. तळ्याकडे जाणाऱ्या जुन्या गाडीवाटेवर खाते या वसंतात लोखंडी फाटक बसवणार होते. लोक गाड्या थेट काठापर्यंत घालतात, गवतात चाकोऱ्या पाडतात, बदकांची घरटी चिरडतात, म्हणून. पायी जायला कोणाला मनाई नव्हती. पण स्कार नवराबायको रोज संध्याकाळी पिकअप घेऊन काठावर बसतात, हे व्हिन्सला कोणीतरी सांगितले होते. आर्डिसच्या खुब्याचे ऑपरेशन नाताळाआधी झाले आहे, हेही सांगितले होते. म्हणून तो आपण होऊन घरी आला होता.

"एक जादा किल्ली तुमच्याकडे ठेवता का?" त्याने विचारले होते.

टोरडाल टाउनशिपमध्ये, म्हणजे तळ्याभोवतीच्या या शेतवस्त्यांत, जन्मलेल्या कोणालाही पुढचे पाठ असते. पहिल्यांदा विचारले की नको म्हणायचे. दुसऱ्यांदा विचारले की "तुम्हाला उगाच त्रास" म्हणायचे. तिसऱ्यांदा विचारले की मान जराशी तिरकी करून, "बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर" असे पुटपुटत घ्यायचे. मग ती कॉफी असो, उसना नांगर असो, नाहीतर दवाखान्यात न्यायला आलेली गाडी असो. व्हर्लिनने पहिली पायरी रीतसर पार पाडली आणि दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत तो खुर्चीत मागे रेलला. ते विचारणे आलेच नाही. "ठीक आहे तर," असे म्हणून व्हिन्स उठला, कोट घातला आणि गेला. त्या भागात पाहुणा 'निघतो' म्हणाल्यावर टेबलाशी, मग दारात, मग गाडीच्या खिडकीशी असे मुक्काम करत करत जातो. हा निघतो म्हणाला आणि खरोखरच निघाला.

गाडीचा आवाज विरल्यावर आर्डिसने कॉफीचे भांडे खाली ठेवले.

"तू नको म्हणालास," ती म्हणाली.

"तसं नको नाही म्हणालो."

"तसंच म्हणालास. मी इथेच उभी होते."

"अगं, पुन्हा विचारायला नको त्याने? ही कुठली रीत?"

"त्याला काय ठाऊक आपली रीत? न्यू जर्सीचा आहे तो."

व्हर्लिनने यावर थोडा विचार केला. "मग तिथले लोक काय उपाशीच राहतात?" त्याने विचारले. त्याला खरेच प्रश्न पडला होता.

आर्डिसने कप त्याच्यासमोर जरा जोरात ठेवला. एकोणसत्तर वर्षांच्या आयुष्यातली बरीचशी वर्षे तिने या माणसाच्या 'नको'मागून धावण्यात घालवली होती. त्याच्या काकांनी लग्नाच्या वर्षी त्याला तळ्याकाठचा जमिनीचा तुकडा देऊ केला होता. व्हर्लिन नको म्हणाला. काकांनी पुन्हा विचारले, व्हर्लिन पुन्हा नको म्हणाला, आणि तिसऱ्यांदा विचारण्याआधी काका वारले. तो तुकडा चुलतभावाला गेला. आज तिथे शहरवाल्यांच्या उन्हाळी बंगल्यांची रांग आहे आणि त्यांच्या मोटारबोटींची घरघर स्कारांच्या ओसरीपर्यंत ऐकू येते. टाउनशिपच्या तीन पंचांपैकी एक होण्याची व्हर्लिनला फार इच्छा होती. दूध गोळा करणारा टँकर त्याने इतकी वर्षे चालवला होता की इथला एकेक रस्ता कुठे खचतो, कुठे बर्फ साचतो हे त्याला तोंडपाठ होते. लोकांनी भर सभेत त्याचे नाव घेतले. तो म्हणाला, "माझ्यापेक्षा चांगला कोणीतरी सापडेल." लोकांना तो सापडला.

आर्डिस स्वतः शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिथे तिला बरे वाटायचे. पोरे ताटली पुढे करायची. बटाटा हवा का विचारले की हवा म्हणायची, नको असेल तर नाक मुरडायची. हीच पोरे मोठी होऊन चर्चच्या जेवणात "नको हो, पोट भरलंय" म्हणू लागली की तिला वाटे, इतका चांगला माल कुठे आणि कसा बिघडतो?

पण या वेळची गोष्ट काकांच्या जमिनीसारखी नव्हती. ती गाडीवाट तिच्या माहेरची होती. वडिलांमागे भावाने शेत राज्याला विकले, घर उतरवले, गोठा पाडला. आता तिथे लिलाकचे एक झुडूप आणि विहिरीचे सिमेंटचे कडे, बाकी सगळे गवत आणि पाणकणीस. वाटेच्या टोकाला मात्र तळे तसेच्या तसे होते. एप्रिलमध्ये ज्या दिवशी त्यावरचा बर्फ फुटतो त्याच दिवशी लून हे पाणबुडे पक्षी येतात, जणू वरून घिरट्या घालत वाटच पाहत असावेत. तिचे वडील त्या संध्याकाळी दूध काढायचे थांबवून सगळ्यांना काठावर नेत. लूनची पहिली हाक ऐकल्याशिवाय त्या घरात नवे वर्ष लागत नसे. वडिलांनंतरही आर्डिसने ती हाक एकाही वर्षी चुकवली नव्हती. इस्पितळात खुब्यातल्या कळांनी झोप लागत नसे तेव्हा ती एकच हिशेब मांडायची, की एप्रिलपर्यंत आपण पिकअपमध्ये चढू शकू की नाही. चढू शकत होती. पण फाटकापासून काठापर्यंतचा अर्धा मैल, तोही ओल्या चाकोऱ्यांतून वॉकर ढकलत? डॉक्टर म्हणाले होते, घरातल्या घरात.

"फोन कर त्याला," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली.

व्हर्लिनचे म्हणणे पडले की एकदा नको म्हटल्यावर आपण होऊन फोन करायचा म्हणजे भीक मागितल्यासारखे दिसते. मात्र तो सूचकपणे बोलून बघेल. त्याप्रमाणे तो गावातल्या कॅफेत गेला, व्हिन्सच्या शेजारच्या स्टुलावर बसला आणि बऱ्याच वेळाने विजयी चेहऱ्याने घरी परतला.

"काय बोललास?"

"म्हणालो, फाटक बसणार तर. तो म्हणाला, हो. मी म्हणालो, पिवळंच असेल. तो म्हणाला, पिवळंच."

"मग?"

"मग काय? आता इतकं स्पष्ट बोलल्यावर माणसाला कळणार नाही का?"

आर्डिस उठून खिडकीशी गेली. बोलण्यात अर्थ नव्हता. तिने ठरवले, मार्चमध्ये टाउनशिपची वार्षिक सभा आहे, व्हिन्स तिथे फाटकाविषयी सांगायला येणार आहे, आपण स्वतः जायचे आणि स्वतः बोलायचे. उगाच नवऱ्याच्या तोंडावर अवलंबून राहायचे आणि मग कपाळाला हात लावायचा, हे किती वर्षे चालायचे?

सभेच्या दिवशी पंचायतीचे लाकडी सभागृह भरले होते. गेले दोन आठवडे कॅफेत, पेट्रोलपंपावर, चर्चच्या तळघरात सगळ्यांच्या तोंडी फाटकच होते. राज्य सरकारला कोणी विचारत नाही, आमच्या आजोबांच्या वाटा बंद करतात, उद्या तळ्यालाच झाकण लावतील, असे लोक एकमेकांना ऐकवत होते. सभेचा अध्यक्ष लॉयल ब्रेके, स्कारांचा शेजारी, याने तर बोट ओढायचा हूक लावून फाटक उपटून तळ्यात बुडवण्याची भाषा केली होती. व्हिन्सने पाचेक मिनिटे सांगितले. मग लॉयलने घसा साफ केला आणि कोणाची हरकत आहे का, असे विचारले.

सभागृहात स्टोव्हमधल्या लाकडांची तडतड ऐकू येईल इतकी शांतता पसरली. लोकांनी बुटांकडे पाहिले. कोणीतरी खोकला. लॉयलने स्वतःही बुटांकडे पाहिले आणि म्हणाला, "हरकत नाही असं दिसतं." विषय संपला. पुढचा विषय खडीचा होता.

सभा संपल्यावर कॉफी आणि वड्या. खजुराच्या वड्यांच्या ताटात शेवटी एक उरली, तेव्हा कोणीतरी ती अर्धी केली, पुढच्याने त्या अर्ध्याची अर्धी केली, आणि जो तुकडा राहिला तो मुंगीला न्यायलाही लाज वाटावी एवढा होता. तो तसाच ताटात राहिला. आर्डिसने ते पाहिले आणि तिच्या मस्तकात तिडीक गेली. ती वॉकर वळवून व्हिन्सकडे निघणार तोच तो स्वतः कप घेऊन तिच्यापाशी आला.

"मिसेस स्कार, तब्येत कशी आहे? फाटकाची अडचण नाही ना होणार तुम्हाला?"

यापेक्षा सरळ कोणी काय विचारणार? तिने तोंड उघडले.

"छे छे, अजिबात नाही," ती म्हणाली. "आमचं काय, आम्ही भागवून घेऊ."

"नक्की?"

"नक्की नक्की. तू नको आमची काळजी करू."

व्हिन्सने हसून मान हलवली आणि तो दुसऱ्या कोणाशी बोलायला गेला. आर्डिस तिथेच उभी राहिली. त्याने या वेळी दोनदा विचारले होते. बिचारा शिकत होता. आणि आपण काय केले?

बाहेर गाड्यांपाशी गोठवणाऱ्या वाऱ्यात अख्खी सभा पुन्हा भरली होती. लॉयल बोटीच्या हुकाबद्दल बोलत होता. बाकीचे माना डोलावत होते. हा कार्यक्रम चांगला तासभर चालला, कारण निघतो असे सगळेच म्हणत होते आणि निघत कोणीच नव्हते. पिकअपमध्ये बसल्यावर व्हर्लिनने हळूच विचारले, "बोललीस?"

"गाडी चालव," आर्डिस म्हणाली.

त्याने गाडी चालवली. तेवढे शहाणपण त्याच्याकडे होते. पण घरी पोचेपर्यंत तो मधूनमधून ओठ दाबून धरत होता, आणि ते तिला दिसत होते.

जमीन मऊ झाल्यावर एप्रिलच्या सुरुवातीला फाटक बसले. पिवळेच. आर्डिसने आता नवऱ्याला बोल लावणे सोडून दिले होते, कारण तो हक्क तिने सभागृहात घालवला होता. त्यामुळे ती आणखीच चिडचिडी झाली. तळ्याचा बर्फ आधी राखाडी झाला, मग काळपट. काठाशी पाण्याची पट्टी दिसू लागली, असे लॉयल येताजाता सांगून जाई. लॉयलने एकदा सुचवले की तो व्हिन्सशी बोलू शकेल. आर्डिसने त्याला विचारले की सभेत बोलला होतास तसाच का? लॉयल टोपी घालून निघाला, आणि पहिल्यांदाच दारात न थांबता गेला.

मग एक दिवस दक्षिणेचा वारा सुटला. दुपारी पिकअपच्या काचा वाऱ्याने थरथरत होत्या. व्हर्लिन पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, लोक सांगतात की बर्फ सुटला, मोठे मोठे पापुद्रे पूर्वेच्या काठावर चढताहेत.

आर्डिसने कोट घातला.

"कुठे?"

"पायी जायला मनाई नाही ना?"

व्हर्लिनने तिला पिकअपने फाटकापर्यंत नेले आणि तिथे उभे राहून बराच वेळ पटवून पाहिले, की आजच कशाला, लून उद्याही असतील. ती फाटकाच्या बाजूच्या फटीतून वॉकर तिरका करून पलीकडे गेलीसुद्धा. तो थर्मास काखेत मारून मागोमाग निघाला. पहिला टप्पा बरा गेला. मग लिलाकच्या झुडपाजवळ, जिथे तिच्या माहेरच्या घराचे अंगण होते, वॉकरची पुढची चाके चिखलात रुतली ती निघेनात. तिने ढकलले, व्हर्लिनने ओढले. शेवटी वॉकरला बसायची फळी होती तिच्यावर ती बसली. खुबा ठणकत होता. पुढे वाळुंजांची रांग आणि उंचवटा, त्यापलीकडे तळे. दिसत काहीच नव्हते.

आणि तेवढ्यात हाक आली. आधी एक लांब, हेलकावे खाणारी, मग तिला उत्तर देणारी दुसरी. व्हर्लिनने टोपी काढली. आर्डिसने दोन्ही हातांनी वॉकर घट्ट धरला. ऐकू येत होते, पण वडील कधी नुसते ऐकायला आणत नसत. ते बोट दाखवत, तो बघ, पाण्याला टेकून चाललाय. उंचवट्याच्या अलीकडे बसून लून ऐकायचे म्हणजे लग्नघरच्या जेवणाचा रस्त्यावर उभे राहून वास घ्यायचा.

तळ्याच्या बाजूने खात्याची गाडी येत होती. व्हिन्सने ती त्यांच्याशी थांबवली, काच खाली केली आणि चिखलातला वॉकर, त्यावरची बाई आणि टोपी हातात धरलेला नवरा असे तिन्ही पाहिले.

"काठापर्यंत सोडू का?" त्याने विचारले.

"नको, नको," व्हर्लिन म्हणाला. वर्षानुवर्षांची सवय ती. "इथेच बसलोय जरा. छान वाटतंय इथे."

व्हिन्सने नक्की का म्हणून आर्डिसकडे पाहिले. तिच्या जिभेवरही तेच आले होते, अगदी टाळ्याला टेकलेले. व्हिन्सचा हात गियरकडे गेला.

"हो," आर्डिस म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे पाहिले. शब्द जरा मोठ्याने निघाला होता.

"हो, सोड. आणि ती किल्लीही दे. मला पहिल्या दिवसापासून हवी होती."

"मग नको का म्हणालात?" व्हिन्सच्या आवाजात तक्रार नव्हती, त्याला नुसते समजून घ्यायचे होते. "मी सभेतही विचारलं तुम्हाला."

"तू पुन्हा विचारलं नाहीस. म्हणजे सभेत विचारलंस, पण पुरेसं नाही विचारलंस."

"किती वेळा विचारायचं असतं?"

आर्डिसने नवऱ्याकडे पाहिले. याचे उत्तर त्याने द्यायचे होते.

"तीनदा," व्हर्लिन जमिनीकडे बघत म्हणाला.

व्हिन्सने दोन्ही हात परत स्टिअरिंगवर ठेवले. शरदापासून त्याने या टाउनशिपमध्ये ज्या ज्या माणसाला जे जे विचारले असेल, ते बहुधा त्याच्या डोळ्यांपुढून जात असावे. "म्हणजे सभेत कोणाची हरकत नव्हती, ती..." असे म्हणून तो थांबला.

"ते तुला लॉयल सांगेल," आर्डिस म्हणाली. "त्याला मात्र चारदा विचार."

त्याने वॉकर उचलून गाडीत टाकला, आर्डिसला हात देऊन चढवले आणि दोघांना काठावर नेऊन सोडले. जाताना जुडग्यातून एक किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. परत जाताना त्याने फाटक उघडेच ठेवले, म्हणजे व्हर्लिनला पायी जाऊन पिकअप आत आणता यावी.

तळ्यावर अजून बर्फाचे तुकडे तरंगत होते, वाऱ्याने एकमेकांवर घासून काचेची पूड सांडावी तसा आवाज करत होते. मधल्या मोकळ्या पाण्यात दोन लून होते. एक बुडी मारी आणि भलत्याच ठिकाणी वर येई. पाणकणसात लाल खांद्याचे काळे पक्षी ओरडत होते. व्हर्लिनने पिकअप आणल्यावर आर्डिस सीटवर खुबा सांभाळत बसली आणि तिने डोळे पुसले. व्हर्लिनने ते पाणी वाऱ्याने आले असे समजून काच वर केली.

तो अस्वस्थ होता. लून त्याने पाहिले, चांगलेच आहेत म्हणाला, पण मन दुसरीकडे होते.

"एकदम हो म्हणालीस," तो शेवटी म्हणाला. "पहिल्याच झटक्यात."

"म्हणाले."

"आणि वर किल्ली मागितलीस."

"मागितली."

व्हर्लिनने पुष्कळ विचार करून सांगितले की आता आपल्याला व्हिन्सला काहीतरी दिलेच पाहिजे, नाहीतर बरे दिसणार नाही. बीटाच्या लोणच्याची बरणी द्यावी. आर्डिसने त्याला बजावले की तो पोरगा पहिल्याच वेळी घेऊन टाकेल, मनाची तयारी ठेव. व्हर्लिनचा चेहरा पडला. ते लोणचे त्याला फार आवडायचे, आणि बरणी एकच उरली होती.

सूर्य पलीकडच्या ओकांमागे टेकला. व्हर्लिनने थर्मास हलवून पाहिला, झाकणात शेवटची कॉफी ओतली आणि तिच्यापुढे धरली.

"घे तू," तो म्हणाला. "मला नकोय."

आर्डिसने झाकण घेतले आणि सगळी कॉफी पिऊन टाकली. मग झाकण पुसून थर्मासवर बसवले.

व्हर्लिन थर्मासकडे बघत राहिला. "मी एकदाच म्हणालो होतो," तो पुटपुटला.

"ऐकलं मी," आर्डिस म्हणाली आणि तिने काच पुन्हा खाली केली, कारण लून परत हाक देत होता.